सात बांध म्हणजे दोनशे दहा

संघाच्या चार जणांच्या यादीत माझं नाव पहिल्यांदा आलं तेव्हा मी चोपन्न वर्षांचा होतो. यादी नेहमीप्रमाणे मीच टाइप केली. त्याआधी आठ वर्षं मी इतरांची चार नावं टाइप करत आलो होतो आणि कधी चूक झाली नव्हती. त्या दिवशी स्वतःच्या नावात एक काना राहिला. दुरुस्त करून पुन्हा प्रिंट काढली आणि फलकावर लावली.

कुंभिवलीच्या पुढे हायवे सोडून आत गेलं की आमचं गोल्फचं मैदान लागतं. फार्महाउसचे प्लॉट पाडणाऱ्या एका मालकाने भातखाचरं घेऊन ते तयार केलं. नऊ होल आहेत, म्हणजे चेंडू घालवायचे नऊ खळगे. पूर्ण खेळ अठरांचा, म्हणून आम्ही दोन फेऱ्या मारतो. खेळणारे कर्जत-खोपोलीचे दुकानदार, डॉक्टर, प्लॉट घेतलेले मुंबईकर आणि रसायनीतले माझ्यासारखे नोकरदार. मी तिथल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. ड्रम आला की चलनावरचं वजन मी मानत नाही, पुन्हा काट्यावर चढवतो. दोन पुरवठादार माझ्यावर या कारणाने कायमचे नाराज आहेत.

दर थंडीत घाटावरच्या एका मैदानाच्या संघाबरोबर आमची लढत असते. त्यांचे चार, आमचे चार, एकास एक. खेळ नेहमी त्यांच्याकडे, कारण त्यांच्याकडे अठरा होल आहेत. आमचा कॅप्टन म्हणजे कर्जतचा दातांचा डॉक्टर. आम्ही चौथीपासून एका बाकावर बसलेलो. मला या खेळात आणलं त्यानेच. पण लढतीला मी जायचो तो व्यवस्थापक म्हणून. गाडी, पहाटेचे फोन, केळी, लिंबाचं सरबत, पट्ट्या, जादा चेंडू, पावत्यांची फाइल. सगळे खेळत असताना मी क्लबहाउसच्या पायरीवर बसून परतीची तयारी करायचो. मला त्यात कमीपणा वाटत नव्हता. मात्र एकदा तरी खेळायला जायचं, आणि एकदा तरी जिंकून यायचं, एवढं मनात होतं. शाळेतही मी संघाचे बूट मोजणारा होतो. आयुष्यात कुणी मला खेळण्यासाठी निवडलं नव्हतं.

खेळात मला एकच गोष्ट इतरांपेक्षा चांगली जमायची. मी अंतरं लिहून ठेवायचो. कोणती काठी चेंडू किती लांब नेते हे पक्कं ठाऊक असलं की निम्मं काम होतं. समोर ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, दीडशे यार्डांवर असेल तर दीडशेची काठी काढायची, जोर लावायचा नाही. माझ्या वहीत नऊ वर्षांचे आकडे होते. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब मारायची काठी, दोनशे दहा. पाच नंबर एकशे ऐंशी. सात नंबर दीडशे. नऊ नंबर एकशे वीस. प्रत्येक काठीच्या निदान शंभर फटक्यांची सरासरी. संघातल्या प्रत्येकाचे आकडेही मी घेतले होते. दर वर्षी लढतीआधी प्रत्येकाचं छोटं कार्ड लॅमिनेट करून द्यायचो, खिशात मावेल असं.

डॉक्टर कार्ड उजेडात धरायचा. "वा! लॅमिनेशन! आमच्या स्टोअरकीपरला तोड नाही." बाकीचे हसून ते खिशात टाकायचे.

आकडे मला द्यायचे मामा. मामा म्हणजे नऊ वर्षं माझी बॅग वाहणारा कॅडी, साठीचा, बाजूच्याच गावचा. मैदानावर अंतराच्या पाट्या नव्हत्या. सुरुवातीला लावलेल्या दोन-तीन पावसाळ्यांत कुजल्या, आणि मालकाने पुन्हा लावल्या नाहीत. तेव्हा कॅडी सांगेल ते अंतर. चेंडू पडला की मामा डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "दोनशे धा, साहेब." मी लिहायचो. ग्रीन किती लांब आहे असं विचारलं की म्हणायचे, "दीडशे. सात नंबर घ्या." मी सात नंबर घ्यायचो आणि चेंडू ग्रीनवर जाऊन पडायचा. वजन आणि काटा नऊ वर्षं जुळत होते. शंका घ्यायला जागाच नव्हती.

त्या वर्षी डॉक्टरने संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, "यंदा तू खेळतोयस. पहिला. त्यांच्या पहिल्या खेळाडूबरोबर."

"पहिला? मी?"

"मग? किती वर्षं केळी सोलणार?"

बायको पोहे घेऊन आली. तिला डॉक्टरनेच सांगितलं. ती म्हणाली, "भावोजी, आता हे झोपायचे नाहीत." खरंच झोपलो नाही. पुढचा महिनाभर रोज कामाआधी मैदानावर जाऊन सरावाचे पन्नास चेंडू मारले. मामा बाजूला उभे राहून आकडे सांगायचे.

घाटावरच्या मैदानावर मी याआधी एकदाही काठी उचलली नव्हती. माझ्यासमोरचा खेळाडू चाळिशीचा, शांत. त्याने मला काका म्हटलं आणि माझी बॅग उचलून ढकलगाडीवर ठेवायला मदत केली. पहिल्या होलवर माझा ड्रायव्हर छान लागला. मधोमध. त्याचा चेंडू माझ्यापुढे एवढा होता की तो कुणा दुसऱ्याचा असेल असं मला वाटलं. असू दे, तो तरुण आहे, असं म्हणून मी पुढे गेलो. तिथल्या कॅडीने सांगितलं, "ग्रीन एकशे पंचेचाळीस." मी सात नंबर काढला. फटका सुंदर बसला. चेंडू पंचवीस यार्ड अलीकडे पडला.

वारा असेल. दुसऱ्या होलवर तेच. तिसऱ्यावर तेच. चौथ्या होलवर तळं होतं. "पाणी पार करायला एकशे पस्तीस लागतील," कॅडी म्हणाला. माझा सात नंबर दीडशेचा, म्हणजे पंधरा यार्ड शिल्लक. चेंडू तळ्यात गेला. दुसरा ठेवला, तोच नंबर, तोही तळ्यात.

समोरचा म्हणाला, "काका, एक-दोन नंबर मोठी काठी, सहा किंवा पाच, घेऊन बघा ना."

"नको, नको. माझं अंतर मला माहीत आहे. आज हात आखडलाय."

हे मी त्याला म्हणालो. ते वाक्य मला अजूनही आंघोळ करताना मध्येच आठवतं. त्याने पुन्हा काही सुचवलं नाही. एखाद्याच्या घरी वाद चालू असताना पाहुणा जसा भिंतीकडे बघतो, तसा तो झाडांकडे बघत उभा राहिला. तिथून पुढे मी जोर लावायला लागलो. जोर लावला की चेंडू वाकडा जातो, हे मी स्वतः नव्या लोकांना सांगत असे. जास्त होल जिंकेल त्याचा सामना; माझा बाराव्या होलवरच संपला. अठरांपैकी सहा खेळायची वेळही आली नाही. हात मिळवताना तो म्हणाला, "तुमचा सात नंबर चांगला बसतो, काका. एकशे वीसला एकदम पक्का." त्याला कौतुक करायचं होतं.

बाकीचे तिघे मात्र जिंकले. आम्ही लढत तीन-एक अशी जिंकली, चार वर्षांनी. घाट उतरताना गाडीत दंगा चालला होता. मी मागच्या सीटवर केळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. एक पॉइंट गेला तो माझा, याची लाज वाटत होती, पण कुणी चिडलेलं दिसत नव्हतं. उलट आमच्यातला हार्डवेअरचा दुकानदार माझी पाठ थोपटून म्हणाला, "अरे, खरा हिरो हा! कॅप्टनने वाघापुढे बरोबर शेळी बांधली."

डॉक्टरने पुढच्या सीटवरून मागे न बघता म्हटलं, "गप रे."

मी हसलो. सगळे हसत होते म्हणून.

स्टोअरमध्ये माल आणि खतावणी जुळली नाही की आधी माणसांवर संशय घ्यायचा नाही, आधी माप तपासायचं, असा माझा नियम आहे. सोमवारी मैदान बंद असतं. रजा टाकली, कारखान्यातली पन्नास मीटरची टेप घेतली आणि गेलो. मामा गवत काढत होते.

"मामा, जरा टेपचं टोक धरा."

"काय मोजायचं, साहेब?"

"माझा ड्रायव्हर."

मामांनी विळा खाली ठेवला. मी सरावाच्या जागेवरून दहा चेंडू मारले. जिथे ते बहुतेक पडले, तिथे मामा जाऊन उभे राहिले. नेहमीच्या आवाजात ओरडले, "दोनशे धा!" मग आम्ही टेप टाकत गेलो. एकशे चोपन्न मीटर. यार्डात एकशे अडुसष्ट. पुन्हा मोजलं. तेच.

"मामा, हे दोनशे दहा कसे?"

"सात बांध की, साहेब."

मला कळेना. तेव्हा त्यांनी पायाने दाखवलं. गवताखाली जमीन किंचित उचललेली होती. थोडं पुढे पुन्हा तशीच. खाचरांचे जुने बांध. बुलडोझर फिरला तरी ते पुरते बसले नव्हते. कॅडी सगळे या गावचे, ही शेतं त्यांनी नांगरलेली. ते यार्ड मोजतच नव्हते. बांध मोजत होते.

"पयल्या म्यानेजर सायबांनी सांगतलं व्हतं, येका बांधाला तीस म्हणायचं. मैदानाच्या कार्डावर पन तसंच छापलंय."

"पण बांध तीसचा नाहीये, मामा. बावीस मीटर. चोवीस यार्डसुद्धा जेमतेम."

"इथलं खाचर बारीकच. पोशीरला माझ्या भनीकडं या, तिथं येक बांध तीस भरंल."

मैदान मोठं दिसलं की प्लॉट लवकर जातात, हे मला नंतर आपोआप सुचलं. त्या क्षणी मी गवतात बसलो. म्हणजे दीडशे म्हणजे एकशे वीस. अंतरही फुगवलेलं, माझा फटकाही तेवढाच फुगवलेला, म्हणून नऊ वर्षं सगळं जुळत होतं. काटाही खोटा आणि वजनंही खोटी, मग तक्रार येणार कुठून?

"तुम्हाला माहीत होतं?"

मामा उकिडवे बसले. "बांध तीसाचा नाय येवडं म्हायती व्हतं. साहेब लोकांना आकडा मोटा लागतो. बाल मारला की ते वरती बगतात, तोंडावर हासू येतं. त्यांना काय खाली आनायचं?"

"मला तरी सांगायचं. मी लिहून घेत होतो, मामा. नऊ वर्षं."

"व्हय. बाकीचं नुसतं ऐकायचं. तुमी येकटं लिवायचात." त्यांनी गवताची एक काडी उपटली. "डाक्टर सायबांकडं ती दुरबीन हाय ना, बटन दाबलं की आकडा येतो. दोन-तीन वर्सं झाली. मला वाटलं, तुमी दोस्त. त्यांनी सांगतलं आसंल."

दुर्बिणीसारखं अंतर मोजणारं ते यंत्र मी कधी बघितलं नव्हतं. डॉक्टरबरोबर दर रविवारी खेळत होतो. त्याच्या बॅगेच्या बाजूच्या खिशाची चेन नेहमी लावलेली असायची, एवढं मात्र मला लगेच आठवलं.

तिथून थेट त्याच्या दवाखान्यात गेलो. बाहेर गाल सुजलेली एक बाई आणि तिचा नवरा बसले होते. ते आत जाऊन येईपर्यंत मी थांबलो. मग आत गेलो. डॉक्टरने खुर्चीकडे हात केला. "काय रे, दाढ?"

"बांध चोवीसचा आहे हे तुला केव्हापासून माहीत आहे?"

त्याने माझ्या हातातली टेप बघितली आणि हसायला लागला. "मोजलंस? तू खरंच मोजलंस? अरे, ते सगळ्यांना माहीत आहे."

"मला नव्हतं."

"आठ वर्षं आमच्याबरोबर आलास. आम्ही तिकडे दोन नंबर मोठी काठी घेतो, हे दिसलं नाही तुला?"

"मी केळी वाटत होतो."

त्याचं हसू थांबलं. त्याने हातमोजे काढले.

"आणि ती कार्डं? दर वर्षी घेत होतास ना? खिशात टाकत होतास."

"तू एवढ्या मेहनतीने करायचास. नको कसं म्हणणार?"

"मला पहिला का खेळवलंस?"

"हे बघ, त्यांच्या पहिल्याला आपल्यातला कुणीच हरवू शकत नाही. तो पॉइंट जाणारच. मग त्याच्यापुढे आपला चांगला माणूस कशाला वाया घालवायचा? सगळे संघ हेच करतात. त्यामुळेच जिंकलो ना आपण?"

"मग तसं सांगायचं."

"सांगितलं असतं तर आला असतास?"

"आलो असतो." मी हे रागाने म्हणालो नाही. विचार करून म्हणालो, आणि ते खरं होतं. "शेळी म्हणून आलो असतो, रे. संघासाठी आलो असतो. फक्त दोन नंबर मोठी काठी घेतली असती."

तो काही वेळ हातमोज्यांची बोटं उलटसुलट करत राहिला. "तू इतका खूश होतास. महिनाभर रोज सराव करत होतास. माझ्या तोंडून निघेना. असू दे ना, दोस्ता. खेळच आहे."

बाहेरून मदतनीस मुलीने पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला. डॉक्टर म्हणाला, "रविवारी ये. बोलू."

त्या रविवारी गेलो नाही. नंतर गेलो, पण वेगळ्या वेळेला, एकटा. मी बटणाची दुर्बीण विकत घेतली आणि वही नवी सुरू केली. ड्रायव्हर एकशे अडुसष्ट. पाच नंबर एकशे पंचेचाळीस. सात नंबर एकशे वीस. मामा बॅग घेऊन बरोबर असायचे, पण आकडा बोलायचे नाहीत. आमच्यात पूर्वी होत असे तेवढं बोलणं उरलं नाही. त्यांच्या नातवाच्या बारशाचं आमंत्रण आलं, आम्ही दोघं जाऊनही आलो. तरीही.

पुढच्या थंडीत मी समितीला पत्र लिहिलं, की संघ खेळून निवडावा, तीन फेऱ्यांच्या बेरजेवर. त्यांनी मान्य केलं. सात जण खेळले. मी सहावा आलो. खऱ्या आकड्यांनी मी खेळलो आणि खराच सहावा आलो. याबद्दल माझी काही तक्रार नाही. डॉक्टरने फोन केला, "गाडी, यादी तूच बघशील ना? तू नसलास की काही धड होत नाही रे." मी म्हटलं, गाडीवाल्याचा नंबर पाठवतो. पाठवला.

चौथा आला होता एक बँकवाला, वर्षभरापूर्वी प्लॉट घेतलेला, उत्साही. लढतीच्या आदल्या शनिवारी तो मला मैदानावर शोधत आला. मामा त्याची बॅग घेऊन मागे उभे होते.

"सर, तुम्ही ती अंतरांची कार्डं करायचात ना? मला एक द्याल? मी पहिला खेळतोय. त्यांच्या एक नंबरबरोबर!"

त्याचा चेहरा बघून मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही. मी त्याला गाडीजवळ नेलं, टेप काढली, गवताखालचे बांध दाखवले, एक बांध मोजून दाखवला. सगळं क्रमाने सांगितलं. तिकडे दोन नंबर मोठी काठी घ्या म्हणून सांगितलं. पहिला का ठेवलंय, तेही सांगितलं.

तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, "सर, रागावू नका. डॉक्टर मला म्हणाले होते."

"काय म्हणाले?"

"की यंदा तुमचं नाव आलं नाही, ते तुम्हाला जरा लागलंय. तुम्ही काही बोललात तर मनावर घेऊ नकोस." त्याने टेपकडे बघितलं. "मी दोनशे चाळीस मारतो, सर. रोज मारतो. मामांना विचारा."

मी मामांकडे बघितलं. त्यांनी बॅगेचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

"मारतात की," मामा त्याला म्हणाले. "लय लांब मारतात साहेब."

ते दोघं पहिल्या होलकडे गेले. मी टेप पुसून गुंडाळली आणि गाडीत ठेवली. संध्याकाळी ग्रुपवर संघ जाहीर झाला. पहिलं नाव त्याचं होतं. खाली अभिनंदनाचे अंगठे पडत गेले. मीही एक टाकला. थोड्या वेळाने तो काढून घेतला.